४८ जीबी रॅम आणि दहावा बिट: संग्रहाच्या मशीनच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

ध्वनिसंग्रहाच्या मशीनची रॅम आज वाढवली. आधी ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, त्यांच्या जोडीला १६ जीबीच्या दोन नव्या घातल्या. एकूण ४८ जीबी, सगळ्या डीडीआर४-३२००, म्हणजे डीडीआर४ पिढीची रॅम, वेगाचा आकडा ३२००. गरज खरी होती. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओमध्ये घेतली की दीड जीबीहून मोठी वेव्ह फाइल होते. खरखर काढताना अशा दोन-तीन फाइल आणि त्यांच्या मधल्या प्रती एकदम उघड्या असतात. मग रॅम पुरत नाही, मशीन स्वॅपवर जातं, म्हणजे डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरतं, आणि माउसचा बाणसुद्धा अडखळत चालतो.

स्टिक बसवताना मदरबोर्डचं मॅन्युअल समोर ठेवलं. या बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूने मोजलं तर पहिला-दुसरा स्लॉट एका चॅनलचा, तिसरा-चौथा दुसऱ्या चॅनलचा. चॅनल म्हणजे रॅम ते प्रोसेसर ही डेटाची स्वतंत्र वाट. नव्या स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, जुन्या पहिल्या आणि तिसऱ्यात. म्हणजे दोन्ही चॅनलवर २४-२४ जीबी, वाटणी समान.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहिला. रॅम बदलली की बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) प्रत्येक स्टिकशी सिग्नलची वेळ नव्याने जुळवून घेतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्या वेळात बटण दाबून मशीन बंद करायचं नाही, वाट पाहायची.

मग बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं, म्हणजे रॅमच्या उत्पादकाने ठरवलेलं जास्त वेगाचं सेटिंग. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारीक चिप असते आणि स्टिक कोणत्या वेगाला, किती व्होल्टवर चालेल ते तिच्यात लिहिलेलं असतं. आमच्या चारही स्टिकच्या एसपीडीत जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे १.२ व्होल्टवर २६६६ आहे. पाकिटावर छापलेला ३२०० हा एक्सएमपी प्रोफाइलचा आकडा, त्याला १.३५ व्होल्ट लागतात. मशीन सुरू झालं, ४८ जीबी दिसले, काम पुढे चालू.

६ जानेवारी

मोठ्या फाइल एकदम उघडल्या. स्वॅपला हातही लागला नाही.

८ जानेवारी

तीन वेगवेगळ्या तक्रारी. सकाळी ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळले. दुपारी एक झिप फाइल उघडताना सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, चुकल्याचा संदेश आला, आणि तीच फाइल लगेच पुन्हा उघडली तर विनातक्रार उघडली. संध्याकाळी कॅसेटचं काम बघणाऱ्या ताईंनी वेव्हची फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता दाबलेली फाइल) करताना पडताळणी चुकल्याचा निरोप दिला.

एकेकटी पाहिली तर तिन्हींची तीन कारणं देता येतील. मला झिपची गोष्ट महत्त्वाची वाटते. फाइल डिस्कवरच खराब असती, तर ती दर वेळी तशीच चुकली असती. तीच फाइल एकदा चुकते आणि एकदा बरोबर निघते, तेव्हा डिस्क ते प्रोग्राम या वाटेत कुठेतरी बिट पालटतो आहे. जर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीत, सेगफॉल्टच्या (मेमरीतल्या चुकीच्या जागी हात घातल्याने प्रोग्राम बंद पडल्याच्या) नोंदी आहेत, पण प्रत्येक वेळी प्रोग्राम वेगळा. एकच प्रोग्राम सारखा कोसळत असता तर त्या प्रोग्रामकडे बोट दाखवलं असतं.

निदान उद्या. आधी नुकसान थांबवायला हवं, म्हणून रात्रीच्या बॅकअपचा टायमर बंद केला. हे सगळ्यात पहिलं काम, कारण बिघडलेली फाइल बॅकअपमध्ये गेली की ती जुन्या चांगल्या प्रतीवर चढते, आणि मग चांगली प्रत कुठेच उरत नाही. संग्रहाच्या डिस्क रीड-ओन्ली माउंट केल्या, म्हणजे त्या फक्त वाचता येतील, त्यांवर लिहिता येणार नाही. एफएससीके चालवलं नाही. फाइल सिस्टीम दुरुस्त करणारा प्रोग्राम स्वतः याच रॅममध्ये बसून निर्णय घेणार. रॅमवर भरवसा नसेल, तर धड असलेली डिरेक्टरीसुद्धा तो तुटकी समजून ‘दुरुस्त’ करून टाकेल.

९ जानेवारी

डिस्क, केबल की मेमरी, याचा निकाल लावायचा होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्या स्मार्ट माहितीत बदललेले सेक्टर शून्य. १९९ क्रमांकाची नोंदही शून्य. साटा केबलवर डेटा बिघडला की हाच आकडा वाढतो, तेव्हा केबलवरचा संशय बराच कमी झाला.

मग एक सोपा प्रयोग. मोठी वेव्ह फाइल घेऊन तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढायचा, लिनक्सचा पेज कॅश (वाचलेल्या फाइलची रॅममधली प्रत) रिकामा करायचा, पुन्हा काढायचा. मधे कॅश रिकामा करणं आवश्यक आहे. तसं केलं नाही तर लिनक्स दुसऱ्या वेळी फाइल डिस्कवरून वाचतच नाही, रॅममधली प्रत देतं. ती प्रत चुकलेली असेल तर चुकीचाच हॅश पुन्हा पुन्हा येतो आणि एकसारखा आला म्हणून आपण निश्चिंत होतो.

कॅश रिकामा करत गेलो तसे हॅश बदलत गेले. मधेच एखादा जुना बरोबर हॅशही आला. तीच डिस्क काढून लॅपटॉपला लावली, तिथे प्रत्येक वेळी एकच हॅश, आणि तोच संग्रहाच्या यादीत आधीपासून नोंदलेला. डिस्कवरचा डेटा सुरक्षित आहे.

१० जानेवारी

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर. जुन्या आवृत्त्या यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसवर, चालत नाहीत, २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून चालतात. आधी मशीन आहे तसंच तपासलं: चारही स्टिक, एक्सएमपी ३२००. काहीही हलवण्याआधी दोष दिसलेल्या अवस्थेतच चाचणी घ्यायची. आधीच स्टिक काढून-घालून पाहिल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही.

पहिली फेरी पूर्ण व्हायच्या आत पडदा लाल. सर्वाधिक चुका सातव्या चाचणीत, म्हणजे मेमरीचे मोठे तुकडे वेगाने इकडून तिकडे हलवणाऱ्या चाचणीत. पत्ते विखुरलेले. चुकलेले बिटही वेगवेगळे: कुठे १ चा ०, कुठे ० चा १, कुठे एका शब्दात (म्हणजे ६४ बिटांच्या गटात) दोन-तीन बिट एकदम.

एक जागा खराब असेल तर तीच जागा पुन्हा पुन्हा दिसते. सगळीकडे थोडं थोडं चुकत असेल आणि तेही वाहतूक वाढली की जास्त, तर सिग्नलची वेळ सांभाळली जात नाही, असा अर्थ मी घेतो.

११ जानेवारी

एक्सएमपी बंद, बाकी सगळं तसंच. चारही स्टिक २६६६ वर. रात्रभर मेमटेस्ट, एकही चूक नाही.

मग प्रोसेसरचं माहितीपत्रक बारकाईने वाचलं. त्यात दोन स्टिकसाठी ३२०० दिलं आहे. चार स्टिक, प्रत्येकी एक रँक असेल तर २९३३. चार स्टिक, प्रत्येकी दोन रँक असतील तर २६६७. रँक म्हणजे ६४ बिटांची रुंदी एकत्र भरून काढणारा चिपचा गट. डीएमआयडीकोड या लिनक्सच्या आज्ञेने प्रत्येक स्टिकची रँक दिसते: जुन्या ८ जीबीच्या एका रँकच्या, नव्या १६ जीबीच्या दोन रँकच्या. म्हणजे प्रत्येक चॅनलवर तीन रँक. स्टिकच्या पाकिटावर ३२०० असणं आणि या चौघींचं या बोर्डावर मिळून ३२०० ला चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावरचा आकडा एका स्टिकबद्दल बोलतो. मशीनचा वेग स्टिक, बोर्डावरची तांब्याची वाट आणि प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर हे तिघं मिळून ठरवतात.

बोर्डाची वाटही समजून घेतली. अशा बऱ्याच बोर्डांवर एका चॅनलची तार आधी एका स्लॉटपाशी येते आणि तिथून पुढे दुसऱ्याकडे जाते. दोनच स्टिक असतील तर त्या टोकाच्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात, ते यासाठी: टोक मोकळं राहिलं की सिग्नल तिथून परत उलटतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. दोन्ही स्लॉट भरले की टोक बंद होतं, पण चॅनलवरचा भार वाढतो.

१२ जानेवारी

दोन्ही जोड्या वेगवेगळ्या तपासल्या, टोकाच्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी ३२०० वर. जुनी जोडी साफ. नवी जोडी साफ. स्टिक काढ-घाल सारखी करावी लागणार म्हणून कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, उपयोगी पडू शकेल.

निर्णय: चार स्टिक, २६६६. दोन चॅनलवर ३२०० चा सैद्धांतिक वेग सेकंदाला ५१.२ जीबी, २६६६ चा सुमारे ४२.७ जीबी. ध्वनीच्या कामात एवढा फरक जाणवणार नाही. कंट्रोलरचं व्होल्टेज थोडं वाढवून चारही स्टिक ३२०० ला नेण्याचा सल्ला मिळाला. खेळाच्या मशीनवर तो प्रयोग करायला माझी हरकत नाही. संग्रहाच्या मशीनवर करणार नाही. तिथे मला काठावर जमलेला वेग नको, भरपूर अंतर राखून मिळालेली खात्री हवी.

१३ जानेवारी

बायोस अपडेट केलं. नव्या आवृत्तीत मेमरीच्या सुसंगतीत सुधारणा असल्याचं लिहिलं आहे. रॅम चुकत होती तोवर याला हात लावला नव्हता. अपडेटची फाइल आधी रॅममध्ये येते आणि तिथून बोर्डाच्या चिपवर लिहिली जाते, आणि तिथे एक बिट चुकला तरी बोर्डच सुरू न होण्याची भीती. अपडेटनंतर एक्सएमपी बंद असल्याचं आणि वेग २६६६ असल्याचं पुन्हा तपासलं, कारण अपडेटमध्ये सेटिंग्ज मूळपदावर जातात.

१५ जानेवारी

कॅबिनेट बंद केलं, मशीन जागेवर ठेवलं. संग्रहाच्या डिस्क अजून रीड-ओन्लीच. नवीन काम एका मोकळ्या डिस्कवर, आणि रेकॉर्डरच्या कार्डावरची मूळ प्रत खोडायची नाही, असं ताईंशी ठरलं. कॅसेटमधून येणारा आवाज आमच्याकडे स्वतंत्र रेकॉर्डरवर नोंदवला जातो. फाइल आधी त्याच्या कार्डावर तयार होते आणि मग मशीनवर कॉपी होते. त्यामुळे कार्डावरची प्रत या रॅममधून गेलेलीच नसते. हे पुढे फार उपयोगी पडलं.

दिवसभर काम झालं. काही कोसळलं नाही, जर्नल स्वच्छ. संध्याकाळी कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइल लॅपटॉपवर ताडून पाहिल्या. एक सोडून सगळ्या जुळल्या. त्या एका फाइलमध्ये एकच बाइट वेगळा होता, आणि दोन बाइटमधला फरक ४.

एक्सएमपीच्या वेळच्या चुका अशा नव्हत्या. त्या विखुरलेल्या होत्या, ही अगदी नेमकी आहे. रात्री मेमटेस्ट लावला, या वेळी कॅबिनेट बंद ठेवून.

१६ जानेवारी

सकाळी पडद्यावर मोजक्या चुका, आणि सगळ्या एकाच पत्त्यावर. ६४ बिटांच्या शब्दात सगळे १ अपेक्षित, सापडलेल्या शब्दात शून्यापासून मोजलेला दहावा बिट ०. दर वेळी तोच. शब्दाचा दहावा बिट म्हणजे दुसऱ्या बाइटमधला ४ किमतीचा बिट. काल फाइलमध्ये सापडलेला फरक ४ चाच. दोन्ही धागे जुळले.

म्हणजे या मशीनमध्ये दोन दोष एकत्र नांदत होते. चार स्टिकवरचा जास्त वेग हा पहिला. त्याच्या गोंगाटात दुसरा दडून राहिला. दुसरा म्हणजे एका नव्या किंवा जुन्या स्टिकमधला एक अशक्त सेल, म्हणजे एक बिट साठवणारी जागा. पहिला सुटल्यावर सगळं साफ दिसलं, कारण तेव्हा पत्रा काढलेला होता आणि स्टिकना वारा लागत होता. कॅबिनेट बंद झालं, ग्राफिक्स कार्डाची गरम हवा वर चढली, आणि सेल ढळायला लागला.

डीरॅमचा, म्हणजे या स्टिकमधल्या मेमरीचा, एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये पेटंट मिळालेली हीच रचना आजही वापरात आहे. कपॅसिटरमधला भार सतत गळत असतो, म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावी लागते. तापमान वाढलं की गळती वाढते. चिपचं तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तर हाच काळ निम्म्यावर आणायचा, असं मानकच सांगतं. बहुतेक सेल ६४ मिलिसेकंदांपेक्षा कितीतरी जास्त काळ भार धरून ठेवतात. एखादा कमकुवत निघतो. शिवाय काही सेलची भार धरण्याची क्षमता मधेच आपोआप कमी-जास्त होते, त्यामुळे असा सेल एका फेरीत सापडतो आणि पुढच्या फेरीत साळसूद वागतो.

अंतराळातून आलेल्या कणाने बिट पालटला असेल, असंही कुणी म्हणेल. तसं होतं, पण तो कण त्याच घरी रोज येत नाही. गूगलच्या सर्व्हरवरच्या मेमरीचा टोरांटो विद्यापीठासोबतचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकवर निदान एक तरी चूक नोंदली गेली होती, आणि चुकांचा मोठा वाटा योगायोगाने पालटलेल्या बिटांचा नसून हार्डवेअरमधल्या कायमच्या दोषांचा होता. आमची केस त्याच जातीची.

१७ जानेवारी

सदोष स्टिक शोधणं. मेमटेस्टने दाखवलेल्या पत्त्यावरून स्टिक ओळखता येईल असं वाटतं, पण दोन चॅनल चालू असताना पत्ते त्यांच्यात आळीपाळीने वाटलेले असतात. पत्ता शेवटच्या भागातला आहे म्हणून दोष शेवटच्या स्टिकमध्ये, असा हिशेब चालत नाही. एकेक स्टिक वेगळी तपासणं हाच सरळ मार्ग.

प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवून क्रमांक घातला. स्लॉट एकच, टोकाचा. वेग २६६६. कॅबिनेट बंद. दोन्ही जुन्या साफ. नव्यांपैकी एक साफ. दुसरीत दहावा बिट. पत्ता अर्थातच बदललेला, कारण आता ती एकटीच होती.

तेवढ्यावर थांबलो नाही. तीच स्टिक दुसऱ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये लावली, दोष तिच्याबरोबर तिकडे गेला. साफ निघालेली स्टिक आधीच्या स्लॉटमध्ये पुन्हा चालवली, साफच राहिली. म्हणजे स्लॉट, बोर्ड आणि प्रोसेसरच्या पिना यांच्यावरचा आळ गेला. हे करणं गरजेचं आहे. प्रोसेसरचा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला किंवा सॉकेटमध्ये एखादी पिन वाकली, तरी अख्ख्या चॅनलवर चुका दिसतात, आणि चांगल्या स्टिक विनाकारण बदलल्या जातात.

स्टिकची संपर्कपट्टी खोडरबराने घासून पाहावी असंही सुचवलं गेलं. घासली नाही. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसली. दोष कायम.

१८ जानेवारी

एकाच पत्त्यावरचा दोष असेल तर लिनक्सला तेवढी जागा टाळायला सांगता येतं. बूट करताना मेममॅप हा पर्याय देऊन त्या पत्त्याभोवतीचा छोटा भाग राखीव ठेवायचा, म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, तिथे काही ठेवत नाही. ४८ जीबीत ४ केबीची सव्वा कोटींहून अधिक पेजेस, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे, असतात, त्यांतलं एक बाजूला ठेवलं तर काहीच बिघडत नाही. स्टिक बोर्डावरच डकवलेली असेल, बदलता येत नसेल, तर हा उपाय मी आनंदाने वापरीन.

इथे वापरला नाही. आज एक सेल अशक्त आहे, उद्या शेजारचा होणार नाही याची खात्री देता येत नाही. आणि पुढे कधी स्टिकची जागा किंवा बायोसचं सेटिंग बदललं तर पत्त्यांची मांडणी बदलेल, राखीव जागा भलतीकडे राहील आणि खराब सेल पुन्हा वापरात येईल. तेव्हा हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. नवी जोडी काढून वॉरंटीत परत पाठवली. एकच सदोष असली तरी दोन्ही एकत्र, म्हणजे बदलीही जुळलेल्या जोडीचीच मिळेल. तोवर जुन्या १६ जीबीवर काम.

२० ते २४ जानेवारी

खरं काम आता सुरू झालं. स्टिक बदलून मिळेल. पण ५ तारखेपासून या मशीनवर जे जे लिहिलं गेलं, त्यातलं काय धड आहे? संग्रहाच्या प्रत्येक फाइलबद्दल याचं उत्तर देता आलं पाहिजे. सगळी तपासणी लॅपटॉपवर, डिस्क रीड-ओन्ली लावून.

सगळ्यात सोपा गट: जुन्या फ्लॅक फाइल, ज्यांना या काळात फक्त नाव-तारखेचे टॅग जोडले गेले. फ्लॅकच्या सुरुवातीला सहसा थोडी मोकळी जागा राखलेली असते. टॅग तिच्यात मावले तर आवाजाच्या भागाला धक्का लागत नाही. काही फाइलना कॅसेटच्या वेष्टनाचे फोटो जोडले होते, ते मावले नाहीत, त्यामुळे त्या फाइल पूर्ण नव्याने लिहिल्या गेल्या. तरी चिंता नव्हती. फ्लॅकच्या प्रत्येक फ्रेमला स्वतःचा १६ बिटांचा सीआरसी असतो आणि सगळ्या मूळ नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांचा, एमडी५ हा हॅश फाइलच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. दोन्ही आकडे रॅम बदलण्याच्या आधीचे. तपासणीत बहुतेक पास झाल्या; ज्या नापास झाल्या, त्यांच्या जागी बॅकअपमधली जुनी प्रत आणली. बॅकअप ८ तारखेला थांबवला नसता तर ही प्रतही गेली असती.

दुसरा गट: या काळात वेव्हपासून नव्याने केलेल्या फ्लॅक. इथे फ्लॅकची स्वतःची पडताळणी अपुरी पडते, आणि हे मला नीट मांडून ठेवायचं आहे. एनकोडर, म्हणजे फ्लॅक करणारा प्रोग्राम, वेव्ह वाचतो, रॅममधल्या नमुन्यांचा एमडी५ काढतो आणि दाबलेली फाइल लिहितो. पडताळणीचा पर्याय चालू असेल तर लिहिलेलं लगेच उलगडून त्या नमुन्यांशी ताडतो. पण वेव्हचे नमुने रॅममध्ये येतानाच एक बिट पडला असेल, तर एमडी५ त्या चुकलेल्या नमुन्यांचाच निघतो. फाइल तपासणीत कायम पास होते, आणि कायम चुकीची राहते. ८ तारखेला पडताळणी चुकली ती फाइल सुदैवी; तिच्यात बिट वाचल्यानंतर पालटला, म्हणून पकडला गेला.

म्हणून या गटासाठी एकच खात्रीचा साक्षीदार: रेकॉर्डरचं कार्ड. कार्डावरच्या वेव्हपासून लॅपटॉपवर पुन्हा फ्लॅक केली आणि दोन्ही फ्लॅकचे एमडी५ मेटाफ्लॅक या फ्लॅकच्या साधनाने ताडले. हा एमडी५ वेव्हच्या शीर्षकभागाचा नसतो, नुसत्या नमुन्यांचा असतो, त्यामुळे तुलना थेट होते. जिथे जुळलं नाही तिथे लॅपटॉपवरची प्रत संग्रहात.

तिसरा गट अवघड: ज्यांचं कार्ड १५ तारखेच्या आधी पुन्हा वापरलं गेलं. मूळ प्रत नाही. मशीनवरची वेव्ह आणि फ्लॅक एकमेकींशी जुळतात, पण दोघींमध्येही एकच चूक असू शकते.

ऐकून कळेल का, असं ताईंनी विचारलं. अशक्त सेलपुरता हिशेब मांडला. नमुना २४ बिटांचा, म्हणजे तीन बाइटचा, आणि रॅमचा शब्द आठ बाइटचा. त्यामुळे खराब बिट नमुन्याच्या कोणत्या बाइटमध्ये पडेल हे जागेनुसार बदलतं. सर्वात खालच्या बाइटमध्ये पडला तर फरक ४ चा, कमाल पातळीच्या खाली सुमारे १२६ डेसिबल. कोणालाही ऐकू येणार नाही. मधल्या बाइटमध्ये १०२४, म्हणजे उणे ७८ डेसिबल. कॅसेटच्या स्वतःच्या सूं आवाजाखाली बुडून जातो. वरच्या बाइटमध्ये २,६२,१४४, म्हणजे उणे ३० डेसिबल. शांत जागी टक् असा आवाज येईल. तोच बिट, तीच चूक, आणि कानाला तीनपैकी एकच सापडेल, तीही आजूबाजूला शांतता असेल तर. एक्सएमपीच्या दिवसांतल्या विखुरलेल्या चुकांना तर असा हिशेबही लागू होत नाही.

पुन्हा डिजिटल करून हॅश ताडावा, असंही करता येत नाही. कॅसेट दोनदा वाजवली तर वेग, दाब, गोंगाट यांत सूक्ष्म फरक पडतोच, दोन फाइल बिटशः सारख्या कधीच येत नाहीत.

जे ऐकू येत नाही ते सोडून द्यावं, हा मार्ग मला मान्य नाही. संग्रहातली फाइल उद्या कोणीतरी वेगळ्या साधनाने उकलेल, त्यातून आवाज सोडवेल, कदाचित मूळ कॅसेट तोवर वाजण्याच्या पलीकडे गेलेली असेल. ती फाइल म्हणजे रेकॉर्डरने नोंदवलेलं जसंच्या तसं, एवढं आपल्याला शपथेवर सांगता यायला हवं. तेव्हा ज्यांची फीत धडधाकट आहे, त्या कॅसेट पुन्हा घ्यायच्या. ज्यांची फीत झिजली आहे किंवा चिकट झाली आहे आणि पुन्हा वाजवण्यात धोका आहे, त्यांची आहे ती फाइल ठेवायची, आणि तिच्या टॅगमध्ये स्पष्ट लिहायचं: सदोष मेमरीच्या काळात कॉपी झालेली, मूळ कार्ड उपलब्ध नाही. ताईंनी अशा कॅसेटची यादी केली. त्यांतल्या एका ओव्यांच्या कॅसेटचा निर्णय घ्यायला आम्हाला बराच वेळ लागला. शेवटी फीत वाचवली आणि फाइलवर शेरा मारला.

३ फेब्रुवारी

बदली जोडी आली. तोच मॉडेल क्रमांक, पण डीएमआयडीकोड या वेळी एकच रँक दाखवतं. दुप्पट क्षमतेच्या चिप वापरून अर्ध्या चिपमध्ये १६ जीबी केलेले. एकाच नावाखाली आतल्या चिप बदलत राहतात, म्हणून दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिक ‘सारख्याच’ समजून चालत नाही.

चार स्टिकचा विचार सोडला. फक्त नवी जोडी, टोकाच्या स्लॉटमध्ये, ३२ जीबी. जुनी जोडी दुसऱ्या मशीनला जाईल.

६ फेब्रुवारी

चाचणी कॅबिनेट बंद ठेवून, मेमटेस्टच्या सगळ्या फेऱ्या, शेवटच्या बिट फेडसकट. त्यात मेमरी बिटांच्या एकाच मांडणीने भरून काही मिनिटं तशीच सोडतात आणि मग वाचतात; गळक्या सेलसाठी ही चाचणी मला सगळ्यात जास्त पटते. मग लिनक्समध्ये स्ट्रेसॲपटेस्ट ही रॅमवर ताण देणारी चाचणी, सोबत ग्राफिक्स कार्डालाही काम देऊन, म्हणजे आतली हवा तापेल. एकही चूक नाही. एक्सएमपीवरही साफ आली, दोन स्टिकला ३२०० माहितीपत्रकाच्या मर्यादेतच आहे. तरी मशीन २६६६ वर, १.२ व्होल्टवरच ठेवलं आहे.

पुढच्या मशीनच्या मागणीत ईसीसी रॅम लिहिली. तिथे प्रत्येक ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एक बिट चुकला तर कंट्रोलर तो सुधारतो आणि त्याची नोंद जर्नलमध्ये येते. डीडीआर५ मध्ये चिपच्या आतच दुरुस्ती असते, ती वेगळी. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिट पालटला तर तिला तो दिसत नाही. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ईसीसीला पाठिंबा देणारे हवेत, हेही मागणीत घातलं.

७ फेब्रुवारी

संग्रहाच्या डिस्क पुन्हा लिहिण्यासाठी खुल्या केल्या. आजपासून कार्डावरच्या फाइलचा शा-२५६ हॅश लॅपटॉपवर काढला जाईल, मग ती मशीनवर जाईल आणि डिस्कवरची प्रत त्याच हॅशशी जुळल्याशिवाय कार्ड मोकळं होणार नाही. बॅकअपचा टायमर संध्याकाळी चालू केला. पहिली फेरी जुन्या प्रतींना न शिवता वेगळ्या डिस्कवर. पुन्हा घ्यायच्या कॅसेटपैकी निम्म्याहून जास्त झाल्या आहेत, उरलेल्या ताई या महिन्यात घेतील.